आमची वाटचाल : प्लास्टरच्या आधी

२०१२ साली नागपूरच्या प्रतापनगरात भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली, तेव्हा भांडवल म्हणजे एक ड्रिल मशीन, दोन टेस्टर आणि माझा वायरमनचा परवाना. कामं ठरलेली. उन्हाळ्यात कूलरचे पॉइंट, पावसाळ्यात ट्रिप होणाऱ्या लाइनी, दिवाळीला झुंबरं. होम ऑटोमेशन, म्हणजे घरातले दिवे-पंखे मोबाइलवरून चालवणं, हा शब्द गिऱ्हाइकाकडूनच कानावर आला. बेसा भागात आईवडिलांचा नवा बंगला, मुलगा पुण्याला. त्याने मोबाइलवरून चालणारी मॉड्यूल कुरिअरने पाठवली आणि फोनवर म्हणाला, "काका, स्विचच्या मागे बसवून द्या फक्त."

हे 'फक्त' आम्हाला महागात पडलं.

मॉड्यूल म्हणजे काडेपेटीएवढी डबी. साधा स्विच नुसता फेज, म्हणजे वीज आणणारी तार, तोडतो; ती परत नेणाऱ्या न्यूट्रलशी त्याला काही देणंघेणं नसतं. ही डबी मात्र चोवीस तास जागी, म्हणजे तिला फेज आणि न्यूट्रल दोन्ही हवेत. हॉलच्या बोर्डात सॉकेट असल्यामुळे दोन्ही होते. अडलं जिन्यावर. तिथे टू-वे स्विच, म्हणजे एकच दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून लागतो, आणि वरच्या बोर्डात खालून आलेल्या दोन तारा नि दिव्याकडे जाणारी एक, बस. आमच्याकडे कामाला असलेल्या पोराने डोकं लढवलं आणि शेजारच्या बेडरूमच्या सॉकेटमधून फेज, न्यूट्रल दोन्ही उसने घेतले. डबी चालू झाली, बारीक हिरवा दिवाही लागला. जिन्याचा दिवा लावला आणि अर्धं घर अंधारात.

"काऊन जी भाऊ, एका दिव्यानं घर काऊन बंद पडते?" घरच्या काकू वरच्या पायरीवरून विचारत होत्या आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मॉड्यूल बदललं, मग दिवा बदलला. एकाने तर आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा सुरक्षेचा स्विच, काढून थेट जोडायचा सल्ला दिला. तो मी ऐकला नाही, एवढीच त्या दिवसातली माझी शहाणपणाची गोष्ट. संध्याकाळी उलगडा झाला. त्या घरात दिव्यांची लाइन आणि सॉकेटची लाइन वेगवेगळ्या आरसीसीबीवर होती. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांचा हिशेब जुळतो का, एवढंच ते यंत्र बघतं. आमच्या जोडणीत करंट सॉकेटच्या लाइनीतून जात होता आणि दिव्याच्या न्यूट्रलवाटे दुसरीकडेच परतत होता. ९ वॅटचा एलईडीसुद्धा साधारण ४० मिलिअँपिअर घेतो, आणि ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीला तेवढा फरक पुरतो. यंत्र बरोबर होतं, चूक आमची होती. नव्या प्लास्टरला झिरी मारून पाइप टाकला, पुट्टी-रंगाचे पैसे खिशातून भरले.

तेव्हापासून आम्ही रंग झालेल्या घरात ऑटोमेशनचं काम शक्यतो घेत नाही. स्लॅबची सळई बांधून झाली की मिस्त्री फोन करतो, आम्ही जातो. मागितलं नसलं तरी प्रत्येक बोर्डात फेज आणि न्यूट्रल, ज्या लाइनीचा दिवा त्याच लाइनीचे. टू-वेच्या दोन बोर्डांमध्ये दोन नाही, चार तारा: फेज, न्यूट्रल, दिव्याची आणि वरच्या स्विचचा निरोप खाली आणणारी. पाइप २५ मिलिमीटरचा, आणि बॉक्स खोल. नाहीतर डबी बसते, पण मागच्या तारा दाबून प्लेट स्क्रूने ओढावी लागते. मालकाला वाटतं आम्ही बिल फुगवतोय. चार मीटर जास्तीच्या तारेचं बिल किती फुगणार?

सगळ्या दिव्यांच्या तारा थेट डीबीपर्यंत, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीपर्यंत, नेऊन एकाच कपाटात कंट्रोलर ठेवायचा, असाही एक प्रकार आहे. मोठ्या घराला तो शोभतो. तीन खोल्यांच्या घरात मी सुचवत नाही. तार खूप लागते, आणि कंट्रोलर रुसला की बाथरूमचा दिवासुद्धा लागत नाही. इंटरनेट बंद असो की राउटर जळालेला असो, भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागलाच पाहिजे. घर ताब्यात देताना राउटर बंद करून आम्ही सगळ्यांसमोर एकेक बटण दाबून दाखवतो.

नागपूरने शिकवलेल्या दोन गोष्टी वेगळ्या. एक, डबी फॉल्स सीलिंगच्या वर लपवायची नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, वरच्या मजल्यावर तापलेल्या स्लॅबखाली त्याहून वाईट अवस्था, आणि पुष्कळ मॉड्यूलवर ४० अंशांची मर्यादा छापलेली असते. दुसरी, कूलर. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचते, त्याने डबीतल्या छोट्या रिलेचे, म्हणजे आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचे, संपर्क चिकटतात, मग मोबाइलवर 'बंद' दिसतं आणि कूलर गरगरत असतो. कूलरला आम्ही वेगळा कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट झेपणारा मोठा रिले, देतो, पंपाची तार वेगळी ठेवतो.

आता आम्ही सहाजण आहोत. बायको हिशेब बघते आणि प्लास्टरच्या आधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो काढून ठेवते, शेजारी मोजायची टेप धरून. हे फोटो मागणारे फोन आजकाल तक्रारींपेक्षा जास्त येतात. परवा बेशाच्या काकूंचा आला होता, जिन्यात देवाच्या फोटोसाठी खिळा कुठे मारू म्हणून.