साडेचार सुती पाना

ऑक्सफर्डच्या दक्षिणेला अ‍ॅबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथून जवळच एका शेतातल्या जुन्या कोठारात आमचं गॅरेज आहे. दोन लिफ्ट, एक वेल्डिंगचा कोपरा, चौघं माणसं आणि चहाची किटली. काम जवळजवळ एकाच जुन्या ब्रिटिश गाडीचं, एमजीबीचं. अधूनमधून एमजीचीच एखादी मिजेट किंवा एमजीए येते, पण पोट एमजीबीवर चालतं.

कोल्हापूरला फोन केला की पुतण्या विचारतो, "काका, एमजी म्हणजे हेक्टर का?" हेक्टर भारतात आली २०१९ साली, आणि एमजी हे नाव आता एका चिनी कंपनीच्या मालकीचं आहे. आमची एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या एका सायकलवाल्याने, विल्यम मॉरिसने, मोटारींचा धंदा काढला, त्याच्या गॅरेजातून हे नाव निघालं. १९२९ ते १९८० कारखाना अ‍ॅबिंग्डनला होता. एमजीबी १९६२ साली आली आणि १९८० च्या ऑक्टोबरात शेवटची बाहेर पडली. अठरा वर्षांत ५ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. म्हणजे ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. शाळामास्तर, नर्स, नुकता नोकरीला लागलेला पोरगा, अशांची दोन सिटांची उघडी गाडी. म्हणूनच आमच्याकडे येणारी माणसंही साधी असतात आणि त्यांची बजेटंही.

मी शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात. काकांचं गॅरेज होतं, दारात सदा तीन-चार अ‍ॅम्बॅसॅडर. शाळेला सुट्टी लागली की माझी रवानगी तिकडे. पहिली दोन वर्षं फक्त पाने द्यायचे. "चार सुती दे", "साडेचार सुती दे". सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे मला भूमितीच्या तासाआधी उद्यमनगरात कळलं. मग टप्पेट, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हच्या फटी लावणं. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह, आणि काकांचा नऊचा हिशेब: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला असेल तर पहिल्याची फट बघायची, सहावा दाबला असेल तर तिसऱ्याची, सातवा असेल तर दुसऱ्याची. दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ. फट पंधरा थाऊ, म्हणजे इंचाचे पंधरा हजारांश. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, आत सरकताना किंचित ओढलं गेलं पाहिजे, अडकता कामा नये. ती ओढ बोटांना कळायला मला एक अख्खा मे महिना लागला.

इंजिनिअरिंग करून २००१ साली इंग्लंडला आलो, एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत. २००९ च्या मंदीत नोकरी गेली. तोपर्यंत मुलगी शाळेत जायला लागली होती, घराचे हप्ते चालू होते. त्या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या अंगणात ताडपत्रीखाली एक एमजीबी उभी होती, १९७२ ची. सुरू होत नाही म्हणून तो विकायला निघाला होता. बॉनेट उघडलं आणि मी हसायलाच लागलो. समोर अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिन. अगदी तेच नव्हे, पण सख्खा मोठा भाऊ. बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन. आपल्याकडे ते १४८९ सीसीचं होतं, इथे १७९८. पिस्टनचा स्ट्रोक दोन्हींत साडेतीन इंचच, फक्त इथलं बोअर मोठं. टप्पेट कव्हर तसंच, बाजूच्या झाकणातून तेलाचा थेंबही तसाच. घरी जाऊन काकांना फोन लावला. ते म्हणाले, "आरं मग बघतोयस काय? टप्पेट धर आणि पॉइंट घास."

पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडणारे संपर्क, घासले. गाडी सुरू झाली. शेजाऱ्याने ती विकली नाही, पण त्याने त्याच्या ओळखीचे तिघं माझ्याकडे पाठवले. २०१० च्या वसंतात कोठार भाड्याने घेतलं.

पहिली दोन वर्षं निव्वळ ट्यूनिंगवर निघाली. इथल्या एमजीबीला दोन एसयू कार्ब्युरेटर असतात. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनर घराणं मूळचं चपला-बुटांच्या धंद्यातलं आणि सुरुवातीच्या कार्ब्युरेटरमध्ये चामड्याचा भाता होता, हे मला फार आवडतं. (कोल्हापूरच्या माणसाला चपलेचा संबंध कुठेही सापडतो.) या कार्ब्युरेटरमध्ये हवेच्या ओढीने एक पिस्टन वर उचलला जातो, त्याला खाली निमुळती सुई, ती जितकी वर तितकं पेट्रोल जास्त. वरच्या नळीत थोडं पातळ तेल घालायचं असतं, म्हणजे पिस्टन दचकून उडत नाही. निम्म्या गाड्यांत ते तेलच नसतं. मालक सांगतो, "गाडी अडखळते, इंजिन गेलं वाटतं." आम्ही दोन चमचे तेल घालतो. बिलात काय लिहायचं हा खरा प्रश्न.

मग २०१२ साली मी शहाणपणा केला. एका निवृत्त शिक्षकांनी १९६७ ची रोडस्टर आणली, खालचा पत्रा सगळा गंजलेला. ठरावीक रकमेत पूर्ण काम करून देतो म्हणून मी शब्द दिला. दाराखाली डब्यासारखा लांब पत्रा असतो, इथे त्याला सिल म्हणतात. एमजीबीत तो तीन थरांचा: बाहेरचा, मधला, आणि आतून खाली कॅसल सेक्शन नावाची पट्टी. त्याआधीच्या एमजीएला खाली वेगळी चासी होती. एमजीबीला चासी नाही, बॉडी हीच चासी. त्यात रोडस्टरला छप्परही नाही. म्हणजे पुढची चाकं आणि मागची चाकं यांना एकत्र धरून ठेवण्याचं बरंचसं काम या दोन डब्यांवर. मी काय केलं? उद्यमनगरात अ‍ॅम्बॅसॅडरचा खालचा पत्रा कापायचो तसा कापला. अ‍ॅम्बॅसॅडरला वरून छप्पर धरून असतं, ती वाकत नाही. ही वाकली. नवा पत्रा सुबक वेल्ड केला, ग्राइंडर फिरवला, प्रायमर मारला, गाडी स्टँडवरून खाली घेतली, आणि डाव्या बाजूचं दार लागेना. वरच्या कोपऱ्यात दार बॉडीला घासत होतं, खाली फटीत बोट जात होतं. गाडी मधोमध बसली होती, आणि मी तिला तशीच कायमची जोडून टाकली होती.

दाराचे बिजागर सरकवून, लांबी (पुट्टी) भरून ते झाकता आलं असतं. रंग दिल्यावर वर्षभर कुणाला कळलंही नसतं. मी शिक्षकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ त्या फटीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "चहा मिळेल का?" ते सगळं पुन्हा कापलं. या वेळी दाराच्या चौकटीत लोखंडी नळीचा आधार वेल्ड केला, पुढून मागे, दोन्ही बाजूंना. एका वेळी एकच बाजू. आणि प्रत्येक थर टाचून झाला की दार लावून बघायचं. पाच महिने जास्त गेले, पैसे मागायला तोंड नव्हतं. बायको तेव्हा एका दवाखान्यात हिशेबाचं काम करायची, तिच्या पगारावर घर चाललं. तिने त्या वर्षीच्या वह्या बघितल्या आणि दुसऱ्या दिवसापासून आमचेही हिशेब स्वतःकडे घेतले. तेव्हापासून गंजाच्या कामाचा ठरावीक आकडा आम्ही देत नाही. तासांवर काम, दर शुक्रवारी मालकाला फोटो, आणि पत्रा उघडल्यावर निघेल ते सांगून पुढे. काही गिऱ्हाइकं यामुळे जातात. जाऊ देत.

त्या पाच महिन्यांत एक म्हातारे गृहस्थ रोज डोकावायला लागले. तरुणपणी एमजीच्या कारखान्यात सीट आणि गालिचे बसवण्याच्या कामावर होते. त्यांच्याकडून कळलं की अ‍ॅबिंग्डनला फक्त जोडणी व्हायची. बॉडी दुसरीकडून यायच्या, इंजिनं दुसरीकडून. आणि गाड्या एका जागेवरून पुढच्या जागेवर माणसं हाताने ढकलायची. म्हणजे मी ज्या फटी फीलर गेज घेऊन मिलिमीटरात मोजत बसलो होतो, त्या मुळात लाकडी ठोकळा, हातोडी आणि अंदाज यांनी बसवलेल्या. माझ्या नव्या दाराकडे बघून म्हणाले, "आमच्या वेळी इतकं चांगलं बसत नव्हतं." शुद्ध मूळ स्थितीचा आग्रह धरणारी गिऱ्हाइकं आली की मला हे वाक्य हटकून आठवतं.

पूर्ण कुजलेल्या गाडीसाठी दुसरी वाट आहे. १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची नवीकोरी बॉडी पुन्हा बनू लागली. अशी सोय फार थोड्या जुन्या गाड्यांच्या नशिबी आली. जुनी गाडी उकलायची आणि तिचं सामान नव्या बॉडीत बसवायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात जुना वायपर मोटार ब्रॅकेटही नव्या रंगावर चरा पाडल्याशिवाय बसत नाही. तरी सिल, फ्लोअर, मागचे पाटे जिथे अडकतात ती जागा आणि पुढचा पत्रा हे चारही गेले असतील, तर मी नवी बॉडी घ्या असंच सांगतो. मायेपोटी ठिगळावर ठिगळ लावण्यात कुणाचं भलं नाही.

विजेचं वेगळंच. ल्युकास कंपनीच्या वायरिंगवर इंग्रज लोकांचे विनोद संपत नाहीत, पण माझ्या मते दहापैकी आठ वेळा दोष अर्थिंगचा असतो. पत्र्याला गंज, मग स्क्रूला गंज, मग दिवा मंद. सुरुवातीच्या गाड्यांना दोनच फ्यूज, आणि १९६७ पर्यंत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला. कुणीतरी उत्साहाने रेडिओ उलटा जोडतो आणि धूर निघतो. बऱ्याच गाड्यांत सिटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या लपवलेल्या असतात. तिथे वर्षानुवर्षं कुणी हात घालत नाही, आणि त्याखालचा पत्राही हळूच जातो.

२०१८ च्या मे महिन्यात इथे नियम बदलला. मोठे फेरफार न केलेल्या चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना दरवर्षीच्या एमओटी तपासणीतून सूट मिळाली. लोक खूश झाले, मी नाही. वर्षातून एकदा तरी कुणीतरी गाडी उचलून खालून टॉर्च मारायचा, ते थांबलं. पुढच्या चाकांच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या खिळीला, दर ३,००० मैलांनी ग्रीस लागतं. आताच्या गॅरेजांत ग्रीस गनच नसते, आणि मालकाला वाटतं सर्व्हिस झाली. एकदा एका गाडीचे ग्रीस घालायचे निप्पल रंगाखाली सापडले, म्हणजे रंग दिल्यापासून ग्रीस नाही. आमच्या गिऱ्हाइकांना आम्ही सांगतो, सूट असली तरी तपासणी करून घ्या, तिथपर्यंत गाडी आम्ही नेऊन आणू.

सप्टेंबर २०२१ मध्ये साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं, तेव्हा फोन थांबेनात. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात, तडकतात, हे खरं. आम्ही नळ्या बदलल्या, महागातलं, कमी इथेनॉलचं पेट्रोल घाला म्हणून सांगितलं, आणि उभी ठेवण्यापेक्षा चालवा म्हणून बजावलं. हिवाळाभर गरम गॅरेजात झाकून ठेवलेली गाडी उन्हाळ्यात आमच्याकडे जास्त दिवस असते. पावसात बाजारहाट करणारी एक १९७६ ची, रबरी बंपरवाली, जिच्यावर क्रोम बंपरवाले नाक मुरडतात, ती वर्षातून दोनदाच येते.

२०१७ मध्ये काका आले होते. पंचाहत्तरी उलटलेली, गुडघे दुखत होते. कोठारात आले, खुर्ची दिली ती नको म्हणाले. लिफ्टवरच्या गाडीभोवती एक फेरी मारली. मग इथल्या आमच्या पोऱ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "हाफ इंच." त्याने पाना दिला. टप्पेट कव्हर काढलं, फीलर गेज घेतलं, कुणाला न विचारता आठही व्हॉल्व्ह तपासले. तिसऱ्याची फट मी जरा जास्त ठेवली होती. "ढिला हाय," म्हणाले. बाकी काही नाही.

तो पोऱ्या आता आमचा पत्र्याचा मुख्य कारागीर आहे. सिलचं काम मी त्याच्याकडेच देतो, कारण त्याने ते पहिल्यापासून आधार लावूनच शिकलंय. सध्या त्याच्या लिफ्टवर कॅलिफोर्नियातून परत आलेली १९७० ची जीटी, म्हणजे छपराची एमजीबी, आहे. पत्रा कोरडा, उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला, स्टिअरिंग डावीकडे. मालकाला ते उजवीकडे हवंय. पेडल बॉक्स काल निघाला, स्टिअरिंग रॅक उद्या निघेल.