सात तारीख

मे महिन्याची सात तारीख होती. सकाळी साडेदहालाच सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले पत्रे तापले होते. आमच्या शेडमध्ये शाळेच्या गणवेशांची घाई चाललेली. जूनच्या आधी माल गेला नाही तर पुढच्या हंगामापर्यंत पडून राहतो. मजुरी सात तारखेच्या आत द्यायची हा कायदा आहे, आणि आमच्याकडे तो पाळलाच जावा हा माझा हट्ट. आदल्या संध्याकाळी सगळ्यांच्या खात्यात पैसे टाकले होते. बायका एकमेकींना मोबाइलवरचे मेसेज दाखवत होत्या. बऱ्याच जणींचा हा आयुष्यातला पहिला स्वतःच्या नावावरचा पगार.

मामा मात्र मशीन बंद ठेवून उभे होते.

"मॅडम, पैसे कमी आलेत की!" ते नेहमीप्रमाणे इतक्या मोठ्यानं बोलले की सगळी शेड वळून बघायला लागली.

मी मेसेज वाचला. जमा ९,६४० रुपये. त्याच मिनिटाला वजा २,७१४.

आमचं काम थोडक्यात सांगते. ज्यांच्या हाताला वर्षानुवर्षं काम नाही, त्यांना आम्ही सहा महिने पगारी कामावर घेतो आणि काम करता करता शिकवतो. आधी शिका, मग कामाचं बघू, असं नाही. पहिल्या दिवसापासून हजेरी, मजुरी, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा. पूर्वी मी फुकटचे शिवणवर्ग चालवलेत. ज्याच्या घरात संध्याकाळच्या पिठाची पंचाईत आहे, तो माणूस आठ दिवस वर्गाला येतो आणि नवव्या दिवशी बाजारात हमालीला जातो. त्यात त्याची चूक काय? शिकण्याच्या दिवसांची मजुरी कुणीतरी द्यावीच लागते. आपण दिली नाही तर ती त्याच्या घरातून जाते.

मामा सत्तेचाळीस वर्षांचे. बावीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणले. कारखाना बंद पडला त्याला सात वर्षं झाली. मधे वॉचमनकी, मधे कुणाच्या लग्नात वाढपी, मधे महिनोन्‌महिने काहीच नाही. घर चाललं ते मामींच्या विड्यांवर. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत, जिथं विडी कामगारांची दहा हजार घरं आहेत, तिथं त्यांचं एक.

अशा माणसाला कुठल्या योजनेत बसवायचं, हा प्रश्न मला नेहमी छळतो. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. कामावर ठेवून शिकवायची कल्पना चांगलीच आहे, पण वयाची अट १८ ते ३५. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्रानं १९७७ सालीच केला, देशात सगळ्यांच्या आधी, पण तो खेड्यांसाठी. शहरात राहणारा, दहावीही न झालेला, पस्तिशी ओलांडलेला विणकर या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. सोलापूरच्या पूर्व भागात अशी माणसं गल्लीगल्लीत आहेत.

तर ते २,७१४ रुपये. मामांचं खातं जुनं होतं. वर्षानुवर्षं त्यात काही पडलं नव्हतं. मार्चमध्ये आम्ही पासबुक मागितलं, तेव्हा त्यांनी केवायसी करून ते पुन्हा चालू करून घेतलं होतं. किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड मधल्या काळात साठत गेला होता, आणि पगार पडताच तो वसूल झाला. ही चूक आमचीही होती, हे लिहायलाच हवं. पासबुकाची झेरॉक्स घेऊन मी फाईलला लावली, पण आतली पानं उघडून पाहिली नाहीत. पहिल्याच दिवशी बँकेत सोबत जाऊन मूलभूत बचत खातं करून घ्यायला हवं होतं. त्यात किमान शिल्लक ठेवावीच लागत नाही.

शेडची जबाबदारी सुपरवायझर ताईंवर सोपवून मी मामांना गाडीवर मागं बसवलं आणि बँकेत गेले.

काचेमागच्या साहेबांचा स्वर सौम्य होता. "सिस्टिम आपोआप कापते, मॅडम," ते म्हणाले. मी रिझर्व्ह बँकेचा नियम सांगितला. १ एप्रिल २०१५ पासून, निव्वळ किमान शिल्लक नसल्याच्या दंडापोटी बचत खातं शून्याच्या खाली नेता येत नाही. दोन वर्षं व्यवहार नसलेल्या, निष्क्रिय पडलेल्या खात्याला तर हा दंड लावताच येत नाही. मग हे २,७१४ कुठून आले? साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग संगणकाकडे वळले आणि तसंच, पडद्याकडे बघत, मामांना विचारायला लागले.

"खातं शेवटचं कधी वापरलं होतं?"

"होय साहेब."

"मोबाइल नंबर हाच आहे का?"

"होय साहेब."

"दुसऱ्या कुठल्या बँकेत खातं आहे?"

"होय साहेब."

दुसऱ्या बँकेत त्यांचं खातं नव्हतं. मी मामांकडे पाहिलं. त्यांची नजर साहेबांच्या ओठांवर खिळली होती, आणि साहेबांचं तोंड पडद्याकडे होतं.

माझ्या पोटात खड्डा पडला. हजेरीच्या वहीत मामांच्या नावापुढं पाच आठवडे एकच शेरा होता: सांगितलेलं ऐकत नाहीत. बटणं उलटी लावली, ऐकत नाहीत. बत्तीसऐवजी चौतीसचा गठ्ठा उचलला, ऐकत नाहीत. मी दोनदा त्यांना ऑफिसात समोर बसवून समजावलं होतं. तेव्हा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं, म्हणून माझी समजूत झाली की माणूस हट्टी आहे. समोर बसल्यामुळं त्यांना माझे ओठ दिसत होते, एवढंच. बावीस वर्षं बारा-बारा तास मागांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाच्या कानांचं काय होत असेल, हा विचार या शहरात वाढलेल्या माझ्या मनात आला नाही. लहानपणी शाळेच्या वाटेवर मी तोच खडखडाट ऐकत गेले आहे.

मी साहेबांना सांगितलं, "यांच्याकडे तोंड करून बोला, यांना कमी ऐकू येतं." मामांनी माझे ओठ वाचले असावेत, कारण त्यांनी मान खाली घातली. पण साहेब खरंच उठून काचेच्या बाजूला आले, आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्याकडे बघून, हळूहळू विचारला. उत्तरं नीट आली. अर्ज लिहिला, पोच म्हणून शिक्का घेतला. खातं मूलभूत बचत खात्यात बदलायचा फॉर्मही तिथंच भरला. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, हे मी बोलले. त्याची गरज पडली नाही. अठरा दिवसांनी पैसे परत आले.

बाहेर आल्यावर लिंबाच्या सावलीत उभे राहिलो. मी विचारलं, "मामा, आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतं का तुम्ही?"

मी त्यांना पगाराची चिठ्ठी दाखवली. ईएसआयपोटी कापलेले पैसे, शंभराला पाऊण रुपया. त्यावर पहिल्या दिवसापासून त्यांचा आणि मामींचा दवाखाना होतो. कानाची तपासणीही त्यातच करायची, सोमवारी मी सोबत येते, असं सांगितलं. त्यांनी चिठ्ठीची घडी घालून ती वरच्या खिशात ठेवली. मग मोबाइल माझ्यापुढं धरला.

"घरी तेवढं सांगता का? मला फोनवर कळत नाही."

म्हणजे आजवर सुट्टी हवी असली की शेजारच्या पोराचा फोन यायचा, तो का, तेही कळलं.

मामींनी फोन उचलला. मागं कुणीतरी पानं कापत असावं, कात्रीचा बारीक आवाज येत होता.

"पगार झाला का हो? पुरा आला का?"

मामा माझ्या ओठांकडे बघत होते. मी सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करून म्हटलं, "सहा हजार नऊशे सव्वीस आलेत. बाकीचे बँकेकडून यायचेत, अर्ज दिलाय."

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग मामी म्हणाल्या, "येताना ज्वारी आणायला सांगा. दहा किलो. त्यांना दिसेल असं सांगा हां, ताई."