९ एप्रिल, रात्री

आज बॉनहोफरचा दिवस. १९४५ साली याच तारखेला फ्लोसनबुर्गच्या छळछावणीत नाझींनी त्याला फासावर चढवलं. जर्मन लुथरन पाळक, वय ३९. एप्रिल आला की माझं या माणसाशी भांडण ठरलेलं.

कारण ‘दुष्टाला अडवू नका, शत्रूवर प्रेम करा’ हे येशूचं डोंगरावरील प्रवचन शब्दशः घ्या, असं सांगणाराही हाच. १९३४ मध्ये फानो बेटावरच्या ख्रिस्ती परिषदेत त्याने युद्धाविरुद्ध खणखणीत भाषण केलं. त्याच वर्षी गांधीजींनी त्याला आश्रमात राहायला बोलावलं, पण ते येणं राहून गेलं. आणि पुढे हाच हिटलरविरोधी कटात! १९४२ मध्ये स्वीडनला जाऊन त्याने इंग्लंडचे बिशप जॉर्ज बेल यांच्याकडे कटवाल्यांची नावं पोचवली.

मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञ अक्वायनसने न्याय्य युद्धाला तीन अटी घातल्या: अधिकृत सत्ता, न्याय्य कारण, शुद्ध हेतू. इथे पहिल्याच अटीला गाडं अडतं, कारण अधिकृत सत्ता हिटलरच होता. बॉनहोफरने मात्र पळवाट शोधली नाही. शेजाऱ्यासाठी दोष स्वतःवर घ्यावा लागला तर घ्यावा, पण त्याला पुण्य म्हणू नये, अशी त्याची भूमिका. हल्ली कुठल्याही लढाईच्या समर्थनाला त्याचं नाव पुढे करतात, तेव्हा नेमकं हेच गाळतात. ज्याला त्याला आपला शत्रू म्हणजे हिटलर!

माझं मन खरं रमतं ते फ्रान्समधल्या ल शाँबों गावात. फ्रान्सने शरणागती पत्करली त्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ जून १९४०ला, तिथल्या पाळक आंद्रे त्रोक्मेने उपासनेत सांगितलं की आपण आत्म्याच्या शस्त्रांनी प्रतिकार करू. मग शेतघरांत, वसतिगृहांत ज्यू लपवले गेले, खोटी ओळखपत्रं तयार झाली. म्हणजे ‘दुष्टाला अडवू नका’ म्हणणाऱ्यांनीच अडवलं की! फुकट नाही. वसतिगृह सांभाळणारा त्याचा नातलग दानिएल पकडला गेला आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मेला.

तरी एक तारीख मला स्वस्थ बसू देत नाही. बॉनहोफरला मारल्यानंतर दोनच आठवड्यांनी, २३ एप्रिलला, फ्लोसनबुर्ग मुक्त झालं ते अमेरिकन सैन्यामुळे. आत उरलेल्या कैद्यांना त्या दिवशी माझा शांतिवाद कोणत्या तोंडाने ऐकवू? मी त्रोक्मेच्याच बाजूची, अजूनही. पण त्या सैनिकांनी घरीच थांबायला हवं होतं, असं माझ्याने म्हणवत नाही.