कलाकारांची संख्या: निरंक

"गायक किती?" हा प्रश्न परवान्याच्या टेबलावर चार महिन्यांत मला पाच वेळा विचारला गेला. पाचही वेळा माझं उत्तर एकच: सांगता येत नाही साहेब, जो येईल तो गाईल.

आमचं परमिट रूम स्टेशनपासून सात मिनिटांवर. आधी अण्णांनी चालवलं, आता मी चालवतो. कोविडनंतर वरचा एसी हॉल बुधवार-गुरुवारी ओस पडायला लागला. तिथे कराओके, म्हणजे नुसत्या साथीच्या ट्रॅकवर गिऱ्हाइकाने गायचं, हे सुरू करायचं डोकं माझ्या बायकोचं. तिच्या माहेरच्या सोसायटीत गणपतीला एक काका ब्लूटूथ माईक हातात घेऊन तासभर हलले नाहीत. ते बघून ती म्हणाली, "यांना नुसता माईक द्या, गिऱ्हाईकं तेच घेऊन येतील."

एफएल-3 (दारूचा परवाना), अन्न परवाना, गुमास्ता हे सगळं आधीपासून होतं. स्क्रीन, मिक्सर, दोन कॉर्डलेस माईक एका आठवड्यात आले. अडलो तो परफॉर्मन्स लायसन्सवर. दारू प्यायला परवानगी आहे, जेवायला आहे, पण तिथेच गायचं तर पोलीस खात्याचा वेगळा परवाना. अर्जात एक रकाना होता: कलाकारांची संख्या, नावे, पत्ते.

मी तो रिकामा सोडला. पहिल्या फेरीला फाईल परत. "रकाना भरा. फोटो आणि ओळखपत्रं जोडा."

"साहेब, कलाकार नाहीतच. गिऱ्हाईक गातं."

"गायिका आहेत?"

"येतात कधी कधी. फॅमिलीबरोबर."

"म्हणजे आहेत."

त्या टेबलाचंही अगदीच चूक नव्हतं. ऑर्केस्ट्रा बारच्या परवान्यात स्टेजवर चार बायका आणि चार पुरुष अशी अट असायची. स्त्री-पुरुषांच्या आकड्याची ती अट सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी 2022 मध्ये रद्द केली, पण डोकी मोजायची सवय काही कोर्टाच्या आदेशाने सुटत नाही. दुसऱ्या फेरीला साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या फेरीला मी घोळ घातला, तो सर्वस्वी माझा.

आदल्या रात्री मी कराओकेचा इतिहास वाचून गेलो होतो. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाचा माणूस बारमध्ये गिऱ्हाइकांच्या गाण्याला साथ करायचा. एका कंपनीच्या मालकाला तो सहलीला सोबत हवा होता. याला जमेना, म्हणून त्याने साथ टेपवर भरून दिली. मग 1971 मध्ये कारचा स्टिरिओ, नाणी टाकायची पेटी आणि माईक जोडून त्याने 11 यंत्रं बारना भाड्याने दिली. पेटंट घेतलंच नाही. साहेबांना हे सगळं सांगून झाल्यावर मी हुशारीने शेवट केला, "कारा म्हणजे रिकामा, ओके म्हणजे ऑर्केस्ट्रा. रिकामा ऑर्केस्ट्रा!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि फाईलवर शेरा मारला: ऑर्केस्ट्रा.

झालं. पुढचे दोन महिने तो एक शब्द पुसण्यात गेले. आता स्टेजचं माप, स्टेज आणि टेबलांमधलं अंतर, वादकांची यादी मागायला लागले. स्टेज नाहीच म्हटलं तर "मग ऑर्केस्ट्रा कुठे बसणार?" मी चिडून एकदा म्हणालो, रिकामा आहे ना, तो कुठेही बसेल. हे बोलायला नको होतं. फाईल गठ्ठ्यात तळाला गेली.

इथे एक सांगून ठेवतो, कारण मी ते उशिरा केलं: कुठलाही कागद पोचपावतीशिवाय देऊ नका. माझं दुसरं पत्र "आलंच नाही" असं ठरलं आणि तीन आठवडे पाण्यात गेले. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, विषय एकच आणि दीडशे शब्दांच्या आत. माझा राग दीडशे शब्दांत मावेना, बायकोने काटछाट करून दिली. "माझी फाईल आज कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेपासून आहे" एवढंच विचारलं.

उत्तराआधीच मार्ग सापडला. आवक-जावकला बसणाऱ्या बाईंनी फाईल उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "अहो दादा, रकाना रिकामा ठेवतात का कधी? निरंक लिहा, म्हणजे काही नाही. आणि खाली खुलासा जोडा, पगारी कलाकार नाहीत, ग्राहक स्वतः गातात म्हणून." मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं. अकराव्या दिवशी परवाना हातात. त्या दिवशी मी स्टेशनपर्यंत चालत न जाता रिक्षा केली, एकट्याने, शेअर नाही.

सुरू करणाऱ्यांसाठी आठवेल तसं लिहितो. फायरचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलै असा दोनदा द्यावा लागतो. तो ताजा ठेवा, माझ्याकडे प्रत्येक टेबलावर त्याची झेरॉक्स मागितली. यूट्यूबवरचे ट्रॅक धंद्यासाठी लावू नका. स्टुडिओने ट्रॅक नव्याने वाजवून घेतला तरी शब्द आणि चाल मूळ माणसांचीच. त्यांच्या वतीने लायसन्स आयपीआरएस ही गीतकार-संगीतकारांची संस्था देते, ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे. मशीन विकणारा म्हणतो "सगळं यात आलं", ते हक्क त्यात येत नाहीत. दाराच्या फटीला रबरी पट्टी लावा. रहिवासी भागात रात्री 10 नंतर मर्यादा 45 डेसिबलची आहे, आणि आमच्या मागच्या इमारतीतले आजोबा मीटरशिवाय ती अचूक ओळखतात. माईकच्या स्पंजच्या टोप्या डझनाने आणा. रविवारनंतर त्यांना पापलेटचा वास येतो.

आणि हो, नूतनीकरणाला त्या निरंकच्या खुलाशाची मूळ प्रत पुन्हा मागतात. ती लॅमिनेट करू नका. मी प्रेमाने केली, आता त्यावर शिक्का बसत नाही.