मॅडम, फाइल उडाली

फाइल कधीही आदल्या आठवड्यात उडत नाही. ती उडते सबमिशनच्या रात्री, पोर्टल बंद व्हायला अर्धा-पाऊण तास उरलेला असताना. त्याआधी उडायला ती अस्तित्वात तर हवी! पण माझ्या विद्यार्थ्यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. वीस टॅब उघडे ठेवून लॅपटॉप सहा-सहा तास तापवायची वेळ त्याच रात्री येते, सगळा वर्ग एकदम पोर्टलवर तुटून पडतो तोही त्याच रात्री. त्यामुळे जे काही बिघडायचं ते तेव्हाच बिघडतं. योगायोग संशयास्पद वाटला तरी दर वेळी खोटा नसतो.

कुत्र्याने गृहपाठ खाल्ला, ही तर सबबींमधली सगळ्यात बदनाम सबब. पण १९३६ मध्ये जॉन स्टाइनबेक या अमेरिकन कादंबरीकाराच्या टोबी नावाच्या कुत्र्याच्या पिल्लाने त्याचं जवळजवळ अर्धं हस्तलिखित खरोखर फाडून टाकलं. दोन महिन्यांचं काम पुन्हा करावं लागणार होतं. तरी पिल्लाला त्याने फारसं मारलं नाही. बिचाऱ्याने कदाचित समीक्षक म्हणूनच हे केलं असेल, असं त्याने पत्रात लिहिलं. त्याच्यावर अविश्वास कुणी दाखवला नाही, कारण त्याला सबमिशन नव्हतं.

कॉम्प्युटर आला आणि कुत्रा सुटला. सुरुवातीची काही वर्षं तर विद्यार्थ्यांचं सुवर्णयुगच होतं, कारण आम्ही शिक्षकच त्या यंत्राला बिचकून होतो. साडेतीन इंची फ्लॉपी, तिच्यात १.४४ एमबी मावणार, आणि ती कशानेही खराब होऊ शकते एवढंच आम्हाला ठाऊक. समोर उभा असलेला मुलगा त्या फ्लॉपीची पत्र्याची झडप अंगठ्याने सरकवायचा आणि सोडायचा. खट्. पुन्हा सरकवायचा. खट्. ‘काल घरी चालत होती, मॅडम.’ आता यावर काय बोलणार? लॅबमधल्या कॉम्प्युटरमध्ये घातली की ती घरघरायची, कण्हायची आणि वाचता येत नाही म्हणून सांगायची. म्हणजे साक्षीदारही त्याच्याच बाजूचा.

पुढे ईमेल आला आणि थापेलाही जरा कसब लागू लागलं. आता फाइल वेळेवर येते, फक्त उघडत नाही. करप्ट झाली म्हणायचं, मॅडम दोन दिवसांनी कळवणार, तेवढ्यात असाइनमेंट लिहून काढायची. यातली सोपी युक्ती म्हणजे कुठलाही फोटो घ्यायचा आणि त्याच्या नावामागे .डॉक्स, म्हणजे वर्डच्या फाइलचं शेपूट, लावायचं. माझ्या एका तरुण सहकाऱ्याने मला यावरचा उतारा शिकवला. डॉक्स फाइल ही आतून झिप फाइल, म्हणजे अनेक फाइल दाबून बांधलेलं गाठोडं, असते. ती नोटपॅडमध्ये उघडली तर बाकी सगळं अगम्य दिसतं, पण पहिली दोन अक्षरं ‘पीके’ असतात. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं. तिथे ‘पीके’च्या जागी ‘पीएनजी’ दिसलं तर तो मुळात निबंध नव्हताच, चित्र होतं. मग नाव बदलून ते चित्र बघायचं. एकदा त्यातून उशीवर पालथं झोपलेलं एक मांजर निघालं. मी उत्तर लिहिलं, ‘मांजर गोड आहे. निबंध सोमवारी सकाळपर्यंत पाठव.’ निबंध रविवारीच आला.

आता तर ऑनलाइन लिहिलेल्या फाइलमध्ये कोणता परिच्छेद किती वाजता उगवला, हेसुद्धा दिसतं. महिनाभर राबून लिहिलेला प्रकल्प एका रात्री सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान जन्मलेला असतो. आपोआप सेव्ह होण्याने तर ‘सेव्ह करायचं राहिलं’ ही जुनी, सभ्य सबबही मारून टाकली. उरलं काय? नेट गेलं. पोर्टल हँग झालं. किंवा ‘अपलोड केलं होतं, पण सबमिट दाबायचं राहिलं.’ ही शेवटची सबब ऐकायला सगळ्यात बावळट वाटते आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा खरी निघते. थाप मारणारा स्वतःला इतका वेंधळा दाखवायला तयार नसतो.

तरी ही हेरगिरी मी हल्ली फारशी करत नाही. गरजच पडत नाही. थाप मारणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, ‘मग कधीपर्यंत देऊ?’ आणि जिची फाइल खरंच गेलेली असते तिचा प्रश्न असतो, ‘ती परत मिळेल का?’ तिला मुदतीचं भानच नसतं. नव्याने लिहायला आठवडा दिला तरी तिचा चेहरा उजळत नाही, कारण तिला आठवडा नको असतो, तिचं ते सातवं पान हवं असतं. मुदतवाढ मागायला आलेला माणूस मुदतवाढ मिळाल्यावर नाराज दिसला, की समजावं.

अशा एकीबरोबर मी लॅबमध्ये फाइल शोधत बसले होते. डिलीट केलेली फाइल लगेच पुसली जात नाही. आधी यादीतून फक्त तिची नोंद जाते, मजकूर डिस्कवर तसाच पडून असतो आणि दुसरं काही येऊन त्या जागेवर बसलं की मग खरा जातो. म्हणून अशा वेळी त्या कॉम्प्युटरवर काहीही करायचं नसतं. नेमकं हेच कुणाला जमत नाही. घाबरून माणूस चार सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि स्वतःच त्यावर माती लोटतो. नव्या लॅपटॉपमधल्या एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारच्या डिस्क, तर रिकामी झालेली जागा आपणहून लवकर साफ करून टाकतात. तिच्या नशिबाने वर्डने अधूनमधून ठेवलेली एक प्रत भलत्याच फोल्डरमध्ये सापडली. चौदापैकी नऊ पानं. तिने आधी पान क्रमांक सात उघडलं.

आणि हे मुलांपुरतंच असतं असं कुठे आहे? ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचा एक इंजिनिअर रात्री उशिरापर्यंत काम करत होता. चुकीच्या सर्व्हरवर त्याच्याकडून डेटा पुसला जाऊ लागला. एक-दोन सेकंदांत त्याने हात आवरला, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच शिल्लक राहिले होते. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, त्यातली एकही धड कामाला आली नाही. वाचवलं ते त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी काढून ठेवलेल्या एका प्रतीने. त्यांनी हे सगळं जगाला जसंच्या तसं सांगितलं, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपण करून दाखवलं. इतकी तपशीलवार सबब मला आजवर कुणी दिलेली नाही.

बाकी मोठी माणसं ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढ्या दोन शब्दांवर भागवतात. काउंटरवरचा माणूस ‘सिस्टीम डाऊन आहे’ म्हणतो आणि आपण मुकाट्याने घरी येतो. त्याला कुणी म्हणत नाही की दाखव बघू. गेल्या सत्रात गुण भरायचं पोर्टल शेवटच्या दिवशी बंद पडलं आणि मी वर्गाच्या ग्रुपवर तसं कळवलं. पाचच मिनिटांत मागच्या बाकावरच्या एकाचा मेसेज आला, ‘मॅडम, स्क्रीनशॉट पाठवता का?’

पाठवला.