वाकायामाच्या खेड्यात शिकवताना काढलेलं जपानी लायसन्स

जपानमध्ये शिकवायला येणाऱ्या मराठी मुलामुलींचे मला अधूनमधून मेसेज येतात. पगार, थंडी आणि भाषा हे त्यांचे पहिले प्रश्न. मी उलट विचारते, गाव कुठलं मिळालंय आणि गाडी चालवता येते का? तोक्यो किंवा ओसाकाला नेमणूक असेल तर लायसन्सचा विचारही करू नका, तिथली रेल्वे तुम्हाला दारापर्यंत सोडते. पण जेट प्रोग्रॅममधून आलात तर पसंती कळवता येते, पुढे मिळेल ते गाव आपलं. १९८७ साली सुरू झालेल्या या योजनेतून परदेशी लोक जपानी शाळांमध्ये सहायक भाषाशिक्षक म्हणून येतात, आणि त्यातले कितीतरी अगदी छोट्या गावांमध्ये जातात.

मला मिळालं वाकायामा प्रीफेक्चर, म्हणजे प्रांत, आणि त्यातलं मिनाबेजवळचं एक गाव. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि डोंगरावर नजर जाईल तिथवर उमे या आंबट जपानी फळाच्या बागा. जूनमध्ये पिकलेली उमे आपोआप गळून पडतात, ती झेलायला झाडांखाली निळ्या जाळ्या पसरलेल्या असतात. मग ती मिठात मुरवून कडक उन्हात वाळवतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेतून घरी येताना ओळीने मांडलेल्या त्या फळांवरून आंबट-खारट वास यायचा आणि सांगलीच्या गच्चीवरचं आजीचं वाळवण आठवायचं.

गाव सुंदर, पण पाय मात्र बांधलेले. माझ्याकडे एक माध्यमिक शाळा आणि डोंगरातल्या दोन लहान प्राथमिक शाळा. बस दिवसातून मोजक्याच, किनोकुनी लाईनची लोकल साधारण तासाला एखादी, शेवटची बस चुकली की चालत जायचं. किराणा आणायचा तर सायकलवर चढ. मी शाकाहारी, आणि इथे शाळेच्या जेवणातल्या सूपपासून भाजीपर्यंत सगळ्याला माशाचा रस लागलेला, त्यामुळे डबा रोजचा आणि भाजी-डाळीची खरेदीही जास्त. पावसाळ्यात पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन तो चढ चढला की गाडीची गरज पटवून द्यायला दुसरं कोणी लागत नाही.

पहिलं वर्ष इंटरनॅशनल परमिटवर निभावतं. आपल्या आरटीओतून ते मिळतं आणि जपानमध्ये चालतं, पण जास्तीत जास्त एक वर्ष. सुट्टीत भारतात पंधरा दिवस जाऊन नवं परमिट आणू असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. जपानबाहेर तीन महिन्यांपेक्षा कमी राहून परत आलात तर ते वर्ष नव्याने सुरू होत नाही. म्हणून आल्या आल्या भारतीय लायसन्स बदलून जपानी घ्यायच्या मागे लागायचं. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जर्मनीच्या लोकांना यात परीक्षा माफ असते. आपल्याला लेखीही द्यावी लागते आणि गाडी चालवूनही दाखवावी लागते.

कागदांचं काम वाटतं तितकं अवघड नाही, पण त्यातला एक कागद लोकांना फार छळतो. लायसन्स मिळाल्यानंतर तुम्ही ते देणाऱ्या देशात किमान तीन महिने राहिलात याचा पुरावा लागतो. माझं लायसन्स कॉलेजात असताना काढलेलं, मधे नूतनीकरण झालेलं. कार्डावर पहिल्यांदा दिल्याची तारीख स्पष्ट असेल तर ती आणि पासपोर्टवरचे शिक्के जुळवून दाखवता येतात. जुना पासपोर्ट रद्द झाला म्हणून आईकडे कपाटात ठेवून येऊ नका, तो इथे सोन्याच्या मोलाचा आहे. लायसन्सचं जपानी भाषांतर कुणाकडूनही करून चालत नाही. जाफ ही वाहनचालकांची मोठी संस्था ते करून देते, ऑनलाइन अर्ज करता येतो. गावच्या कचेरीतून रहिवासी दाखला घ्यायचा, त्यावर राष्ट्रीयत्व छापलेलं हवं, हे खिडकीवर आधीच सांगा. रहिवासी कार्ड, फोटो, बस.

परीक्षा लायसन्स केंद्रात, अपॉइंटमेंट फोनवर आणि तीही फक्त कामाच्या दिवसाची. माझी जपानी तेव्हा बाजारहाटापुरती होती. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी स्वतः फोन लावला, तारीख घेतली आणि माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवली. उपमुख्याध्यापकांकडे रजेचा अर्ज घेऊन गेले तर ते म्हणाले, "सेन्सेइ, आधी कुठेतरी सराव करून जा. आमच्या मागच्या शिक्षकांना फार फेऱ्या माराव्या लागल्या."

हा सल्ला मी सगळ्यांना देते, कारण ती परीक्षा गाडी चालवता येते का एवढंच बघत नाही. मी सांगलीत, पुण्यात वर्षानुवर्षं गाडी चालवली आहे. इथेही गाड्या डाव्या बाजूने जातात, स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे अमेरिकन शिक्षकांपेक्षा आपलं काम अर्धं सोपं. तरीही मी इथल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सरावाचे तास लावले आणि तिथल्या वयस्कर प्रशिक्षकांनी पहिल्याच तासाला मला गाडीत बसूच दिलं नाही. आधी गाडीभोवती फेरी मारायला लावली. पुढे वाकून बघा, मागे बघा, चाकाखाली मांजर किंवा मूल आहे का बघा, मग दार उघडताना मागून सायकल येते का बघा. बसल्यावर सीट, आरसे, बेल्ट, आणि निघण्याआधी पुन्हा मान वळवून उजवा खांदा ओलांडून नजर.

मी म्हटलं, "मी आरशात बघितलं होतं."

ते म्हणाले, "तुम्ही बघितलंत, पण मला ते दिसलं नाही. परीक्षकालाही दिसलं पाहिजे आणि रस्त्यावरच्या माणसालाही. डोळे फिरवू नका, मान फिरवा."

पुढचे तास सगळे यावरच गेले. लेन बदलायची तर तीन सेकंद आधी सिग्नल, वळायचं तर तीस मीटर आधी. डावीकडे वळताना गाडी आधीच डाव्या कडेला इतकी घ्यायची की मधून मोटरसायकल घुसू नये, आणि वळण्याच्या क्षणाला मान वळवून सायकलवाला आत आलेला नाही ना हे बघायचं. उजवीकडे वळताना मध्यरेषेला चिकटून. थांबा अशी पाटी असेल तिथे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, हळूहळू सरकत जाणं म्हणजे नापास. रेल्वे फाटक उघडं असलं तरी गाडी थांबवून दोन्हीकडे बघायचं. ब्रेक वळणात नाही, वळणाच्या आधी. हॉर्न तर विसरूनच जायचा.

परीक्षेच्या दिवशी सकाळी लवकर निघाले, कारण वाकायामा शहर आमच्या गावापासून लांब. आधी कागद तपासले, मग एका अधिकाऱ्याने लायसन्स कुठे, कसं काढलं, परीक्षेत काय काय होतं असे प्रश्न विचारले. आरटीओत आठचा आकडा कसा काढायला लावला होता ते मी हातवारे करून सांगितलं. मग डोळ्यांची तपासणी, आणि लेखी परीक्षा इंग्रजीतून. माझ्या वेळी दहाच प्रश्न होते, सात बरोबर आले की पुढे. आता तसं राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२५ पासून पन्नास प्रश्न असतात आणि पंचेचाळीस बरोबर लागतात, गाडीच्या परीक्षेतही पादचारी मार्ग आणि रेल्वे फाटक यांची भर पडली आहे. जुन्या शिक्षकांच्या सांगण्यावर विसंबून नुसतं वरवर वाचून जाऊ नका.

गाडीची परीक्षा केंद्राच्या आतल्याच मैदानात होते. खरे सिग्नल, खऱ्या पाट्या, पण गल्ल्या मुद्दाम अरुंद. इंग्रजी एस अक्षरासारखं वळण आणि काटकोनात वळणारी क्रँक नावाची गल्ली या दोन ठिकाणी सगळ्यांचा घाम निघतो. सुरुवातीला शंभर गुण असतात, चुकीगणिक कापले जातात, सत्तरच्या खाली गेलात की संपलं. चाक कडेच्या दगडाला लागलं तर तिथेच थांबून, मागे घेऊन पुन्हा काढता येतं. वर चढवून पुढे गेलात तर मात्र घरी. माझ्या आधी एक ब्राझीलचा तरुण होता, कारखान्यात कामाला. त्याने अप्रतिम चालवली, मी मागच्या सीटवरून बघत होते. पण स्टॉपच्या रेषेवर चाकं पूर्ण थांबली नाहीत. परीक्षकाने त्याला शांतपणे तेवढंच सांगितलं. तो खाली वाकला, आभार मानले आणि पुढची तारीख घ्यायला गेला. अशा फेऱ्या इथे कोणी कमीपणाच्या मानत नाही.

मी प्रत्येक वळणाला मान वळवली, अगदी मैदान रिकामं असतानाही. क्रँकमध्ये गाडी माणसाच्या चालीने नेली. दुपारी बोर्डावर माझा नंबर दिसला आणि मी तिथेच आईला व्हिडिओ कॉल लावला.

परदेशी शिक्षकांच्या गप्पांमध्ये ही परीक्षा म्हणजे निव्वळ छळ असं नेहमी ऐकू येतं. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या शाळेतच आहे. गावातली प्राथमिक शाळेची मुलं सकाळी गटाने चालत येतात. मोठ्या वर्गातला एक पुढे, एक मागे, मधे पहिलीतली, त्यांच्या दप्तरांवर पिवळी कव्हरं. रस्ता एवढा अरुंद की एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला ओढा आणि फुटपाथ नाहीच. झेब्रा क्रॉसिंगशी आली की ती थांबतात, हात सरळ वर करतात आणि गाडी थांबण्याची वाट बघतात. सिग्नल नसलेल्या क्रॉसिंगवर माणूस उभा असेल तर थांबलंच पाहिजे असा कायदा आहे. पलीकडे गेल्यावर मुलं वळून थांबलेल्या गाडीला वाकून नमस्कार करतात. लायसन्स मिळाल्यानंतरच्या आठवड्यात त्या क्रॉसिंगला मी थांबले होते. पहिलीतली एक मुलगी हात वर करून पलीकडे गेली, वळली, वाकली, आणि काचेतून मला ओळखून जागच्या जागी उड्या मारायला लागली. तिने हात वर केला तेव्हा मी तिला बघितलंय हे तिला कळायला हवं होतं. त्या प्रशिक्षकांनी मान फिरवा म्हणून जो धोशा लावला होता, तो या मुलीसाठी होता.

गाडी घेतली ती पिवळ्या नंबरप्लेटची जुनी केई कार, ६६० सीसीचं इंजिन, आमच्या गल्ल्यांना अगदी मापाची. सक्तीचा विमा असतोच, पण त्यावर दुसरा स्वतंत्र विमाही घ्या, तिथे पैसे वाचवू नका. काही ठिकाणी शिक्षकांना शाळेच्या कामासाठी गाडी चालवायला परवानगी नसते, ते करारात बघून घ्या.

आणि मग फिरणं सुरू झालं. सर्वात आधी जायचं होतं कोयासानला. रेल्वेने जायचं तर वळसा घालून, गाड्या बदलत, शेवटी केबल कारने. गाडीने डोंगरातून सरळ जाता येतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी र्‍यूजिनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून वर चढले आणि कोया-र्‍यूजिन स्कायलाईनला लागले. पूर्वी टोल असलेला हा रस्ता २००३ पासून मोफत आहे. तो १,३७२ मीटर उंचीच्या गोमादान डोंगराजवळून जातो. दोन्ही बाजूंनी लाल, पिवळी झाडं आणि मागून येणाऱ्या मोटरसायकलींना वाट द्यायला ठिकठिकाणी जागा.

कोयासान ८१६ साली कूकाई या भिक्षूने वसवायला घेतलेलं धर्मक्षेत्र. ओकुनोइनच्या दफनभूमीत दोन किलोमीटरची वाट उंच जपानी सीडरच्या झाडांमधून जाते, आजूबाजूला दोन लाखांहून जास्त समाध्या. शेवाळलेल्या पाच मजली दगडी समाध्यांजवळ वाकून बघितलं तर प्रत्येक मजल्यावर एक अक्षर कोरलेलं आहे. ती सिद्धम लिपी, भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे आलेली. वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वारा, अग्नी, पाणी, पृथ्वी. शाळेत बाराखडी गिरवलेल्या माणसाला त्या वळणांमध्ये ओळखीचं काहीतरी सापडतंच, मी कितीतरी वेळ बोट फिरवत बसले होते.

आणि कोयासान विद्यापीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा आहे. महाराष्ट्र आणि वाकायामा यांच्यात २०१३ साली करार झाला होता, त्यानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. वाटेतल्या दुकानातून घेतलेली पिवळी शेवंती मी पायाशी ठेवली. नागपूरच्या दीक्षाभूमीवर आईबाबांसोबत लहानपणी गेले होते. जपानच्या डोंगरात, बौद्ध भिक्षूंच्या गावात ते उभे आहेत हे बघून मन भरून आलं. तिथून जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी हे कोण असं विचारलं. मला येत होतं तेवढ्या जपानीत, अडखळत, मी त्यांना सगळं सांगितलं.

दुपारी मठात जेवले. शोजिन र्‍योरी, म्हणजे भिक्षूंचं जेवण, त्यात मासा नाही, कांदा-लसूणही नाही, सूपाला चव समुद्रशेवाळाची आणि मशरूमची. तिळाचं गोमादोफू चमच्याने तुटतं इतकं मऊ. जपानमध्ये आल्यापासून ताटातल्या एकाही पदार्थाबद्दल काहीही न विचारता जेवलेलं ते पहिलं जेवण.

हिवाळ्यात तो रस्ता रात्री बंद असतो, दिवसाही बर्फाचे टायर किंवा साखळ्या लागतात, म्हणून आता थेट वसंतात. मेमध्ये आईबाबा येतायत. नाचीचा १३३ मीटरचा धबधबा, कुशिमोतोच्या समुद्रातली खडकांची रांग आणि आईसाठी पुन्हा कोयासान असा बेत आहे. बाबांनी सांगलीहून विचारलं, "थोडं आम्हालाही चालवू देशील ना?" त्यांना आरटीओतून परमिट काढायला सांगितलंय, मूळ लायसन्सही सोबत आणा म्हणून बजावलंय. माझ्या विम्यात सध्या चालक म्हणून फक्त माझं नाव आहे, तेव्हा पुढच्या आठवड्यात विमा कंपनीला फोन करून त्यांचंही घालून घ्यायचंय.