झाक्सीकांता झेटे म्हणजे मीच! नाव दुरुस्तीचा माझा अनुभव

गोव्यात माझ्या वयाच्या माणसांना हे वेगळं सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी आधी सांगून टाकतो. माझं नाव शशिकांत शेट्ये. घरात, शाळेत, नोकरीत, देवळाच्या वर्गणीच्या वहीत सगळीकडे हेच. पण जन्म 1960 चा, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या आधीचा, आणि जन्माची नोंद पोर्तुगीज रजिस्टरात. पोर्तुगीजात 'श' लिहायला एक्स वापरतात, त्यामुळे माझं नाव तिथे एक्स-ए-एक्स-आय-सी-ए-एन-टी-ए आणि आडनाव एक्स-ई-टी-ई. आडनावातला वाय कुठे गेला म्हणाल तर 1911 च्या लेखनसुधारणेत पोर्तुगीजांनी के, डब्ल्यू, वाय ही अक्षरंच काढून टाकली होती, परकी शब्द तेवढे सोडून. म्हणून तर जुन्या कागदांवर कामत सी ने सुरू होतात आणि केणी क्यू ने. त्या काळी लिहिणारा आणि वाचणारा दोघांनाही ते नीट कळायचं. गोंधळ झाला तो वाचणारे बदलल्यावर.

गावांचंही तेच झालंय म्हणा. सांखळीला लोक सांक्वेलिम म्हणतात, डिचोलीचं बिचोलिम, काणकोणचं कानाकोना, आणि मोबाईलमधली मॅपवाली बाई तर काय बोलते ते आम्हाला इथे जन्म काढूनही कळत नाही. पण गावाला त्याचा त्रास होत नाही हो, गावाला एफडी नसते.

तर मूळ मुद्दा. माझं पॅन कार्ड शाळेच्या दाखल्यावरून झालेलं, त्यावर शशिकांत शेट्ये. आधार काढलं तेव्हा त्या केंद्रावरच्या मुलाने जन्मदाखला मागितला आणि जसंच्या तसं उतरवलं, एक्स सकट. वर मशीनने आपोआप देवनागरी केली ती 'क्षाक्षिकांता क्षेते'. तेव्हा हसलो आणि विसरलो. फोनवर मात्र रोज उठून झाक्सीकांता झेटे, झॅक्सी सर, एकदा तर 'मॅडम झेटे आहेत का'. एका दवाखान्यात नर्स दारात उभी राहून 'एक्स-एक्स-एक्स... एक्सेटे?' असं ओरडत होती आणि बाकावरचे सगळे एकमेकांकडे बघत होते, मी उठलो तर म्हणते, तुम्ही गोंयकार काय? मी म्हटलं हो बाय, तुझ्यापेक्षा जुना.

इथपर्यंत सहन केलं. मग पॅन-आधार लिंकिंग आलं. 1000 रुपये भरले तरी लिंक होईना, कारण दोन्हीकडे नाव जुळत नाही. 1 जुलै 2023 पासून लिंक नसलेली पॅन बंद, म्हणजे एफडीच्या व्याजावर 10 च्या जागी 20 टक्के टीडीएस, आणि आम्ही ज्येष्ठ नागरिक व्याजावर कर कापू नका म्हणून 15एच हा फॉर्म भरायचो तोही चालेना. बँकेतला पोरगा म्हणाला, काका एक काहीतरी ठरवा, शेट्ये की झेटे. आता हा मला विचारतोय मी कोण ते!

घरी विषय काढला तर निराळाच वाद. धाकटा भाऊ म्हणाला दादा, खुळा आहेस काय, हात लावू नको त्या नोंदीला. कारण काय तर 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळू शकतं आणि लिस्बनला नोंद करायची तर जुन्या रजिस्टरातलं नावच लागतं, उद्या मुलांना युरोपात जायचं झालं तर हाच एक्स कामाला येणार. त्याचं म्हणणं होतं की पॅनच बदल, सगळीकडे एक्सच कर. हिशेबाने त्याचं बरोबर होतं, पॅनची दुरुस्ती घरबसल्या ऑनलाईन होते. पण पॅन बदललं की पेन्शन, घरपट्टी, शाळेचा दाखला, मुलीच्या सगळ्या कागदांवरचं बापाचं नाव, हे सगळं उलटं फिरवायचं, आणि खरं सांगू, साठी ओलांडल्यावर मला झेटे म्हणून मरायचं नव्हतं. मुलीने सांगितलं की मला लिस्बन नको, तुम्ही तुमचं नाव करा. विषय संपला.

मग सिव्हिल रजिस्ट्रारची कचेरी. आधी तेओर काढलं, म्हणजे जन्मनोंदीची पूर्ण नक्कल, हाताने लिहिलेल्या पानाची, तिरक्या सुंदर अक्षरात. माझी समजूत होती की ही लिहिणाऱ्याची चूक, अर्ज दिला की दुरुस्त करतील. खिडकीवरच्या बाईने पान बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "बाब, ही चूक न्हय. तेन्ना अशेंच बरयताले." म्हणजे तेव्हा असंच लिहायचे. इतकी वर्षं मी जिला चूक म्हणत होतो ती कायद्याने चूकच नाही, त्यामुळे दुरुस्ती होणार नाही, 'बदल' करावा लागेल. शशिकांत ते शशिकांत हा बदल, घ्या!

त्यासाठी गोव्यात 1990 चा वेगळा कायदा आहे, नाव आणि आडनाव बदलण्याचा. अर्ज, नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र, जुन्या-नव्या नावाचे पुरावे, मग सरकारी राजपत्रात जाहिरात आणि 30 दिवस कोणाची हरकत येते का त्याची वाट बघायची. (तुम्ही करणार असाल तर आधी आपल्या तालुक्यात विचारून घ्या, नियम अधूनमधून बदलतात.) राजपत्र हातात आलं तेव्हा मात्र वाचून गंमत वाटली, अमुक इसम आपलं नाव बदलून अमुक ठेवू इच्छितो, दोन्ही नावं मोठ्याने वाचली तर एकच. आता याला कोण हरकत घेणार? कोणी घेतली नाही, पण मी ते 30 दिवस उगाचच धास्तीत काढले. मग नोंदीच्या समासात नवीन नाव चढलं. मूळ ओळ तशीच राहते, खोडत नाहीत, भावाला ते सांगितल्यावर तोही जरा निवळला.

आधारला नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे लक्षात ठेवा. म्हणून केंद्रावर मी ऑपरेटरला सांगितलं की स्क्रीन माझ्याकडे वळव, मी हो म्हणेपर्यंत बटण दाबू नको. इंग्रजी बरोबर आलं. खाली मशीनने देवनागरी केली 'शशिकांत शेतये'. तो म्हणाला चालतं ना काका. मी म्हटलं नाही चालत. त्याने तो त काढून ट घातला, तर आलं 'शेटये', अर्धा ट काही केल्या त्याला जमेना, मागे रांग वाढायला लागली, शेवटी पलीकडच्या टेबलावरची मुलगी उठून आली आणि दोन बोटांत करून गेली. तिला विचारलं तू कुठली, तर पेडण्याची, ती पण शेट्येच निघाली!

आधार झालं आणि पॅन लिंकही झालं. बँकेचा मात्र केवायसी बदलूनसुद्धा मेसेज अजून 'डिअर झेटे' असाच येतो, तिथे परत एक अर्ज देऊन आलोय. वडिलांच्या नोंदीत ते शांताराम नसून झांटारामा आहेत, तिकडे ते बदलायला स्वतः नाहीत, त्यामुळे दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असं प्रतिज्ञापत्र करून फायलीत ठेवलंय, वारशाच्या कामाला लागतंच. आणि विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर येतं, ते पण एक्सने सुरू होणारं. त्याला मी हात लावणार नाही. भरतोय तोवर कोणी विचारत नाही.